जुनी कार ताब्यात आली, पण आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) अजून आधीच्या मालकांच्या नावावर आहे. या काळात चालवताना जबाबदारी कोणाची?

नवाचालक (प्रश्न):

गेल्या रविवारी मी एका परिचित गृहस्थांकडून सात वर्षे वापरलेली कार विकत घेतली. रक्कम बँकेतून वळती केली, मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर आम्हा दोघांच्या सह्या झाल्या, चेसिस क्रमांकाची पेन्सिलने घासून घेतलेली छापही जोडली आणि किल्ली माझ्याकडे आली. आरटीओकडे अर्ज मात्र अजून दाखल झालेला नाही. गाडीचा सर्वसमावेशक विमा चालू आहे, पण तो अर्थातच आधीच्या मालकांच्या नावावर आहे. त्यांचे म्हणणे असे की विमा गाडीचा असतो, माणसाचा नव्हे, तेव्हा निर्धास्तपणे चालवा. माझ्या सासूबाईंना आठवड्यातून तीन वेळा डायलिसिससाठी न्यावे लागते आणि गाडी घेतली ती त्यासाठीच. माझ्या हातून कोणाला इजा झाली तर भरपाईचे दायित्व कोणावर येईल, गाडीचेच नुकसान झाले तर विमा मिळेल का आणि पोलिसांनी थांबवल्यास कोणते कागद दाखवावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दावेवाचक:

मोटार अपघात दाव्यांची कागदपत्रे तपासणे हे माझे रोजचे काम आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आपल्या परिचितांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १५७ नुसार गाडीची मालकी हस्तांतरित झाली की त्या तारखेपासून विमापत्रही नव्या मालकाकडे आले असे मानले जाते, आणि नव्या मालकाने चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नावबदलासाठी अर्ज करायचा असतो. मात्र हे 'आपोआप येणे' केवळ त्रयस्थ व्यक्तीच्या भरपाईपुरते आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे. रस्त्यावरील पादचाऱ्याला किंवा समोरच्या दुचाकीस्वाराला इजा झाली, तर केवळ नावबदल राहिला या कारणाने त्याचा हक्क बुडत नाही, आणि तो बुडू नये हेच योग्य आहे. ज्याला धडक बसली त्याने गाडीच्या कागदांचा इतिहास का शोधत बसावे?

आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे तसे नाही. तो भाग म्हणजे विमा कंपनी आणि विमाधारक यांच्यातील करार आहे आणि आपण अजून त्या करारात नाही. नियमानुसार हा भाग आपल्या नावावर करण्यासाठी आपला लेखी अर्ज आणि विकणाऱ्याची लेखी संमती, दोन्ही लागतात. माझ्या टेबलावर सर्वांत जास्त वेळा येणारी अडचण तर आणखी वेगळी असते. खरेदीदार मोठ्या तत्परतेने आरसी स्वतःच्या नावावर करून घेतो, पण पॉलिसी तशीच राहते. मग अपघात झाला की पॉलिसीवर ज्यांचे नाव आहे त्यांचा गाडीत हितसंबंध उरलेला नसतो, आणि ज्यांचा हितसंबंध आहे त्यांचा कंपनीशी करार नसतो. त्यामुळे दावा फेटाळला जातो, आणि कागद वाचताना मला हळहळ वाटते, कारण एका अर्जाने हे टळले असते. मालक-चालकाच्या पंधरा लाख रुपयांच्या वैयक्तिक अपघात संरक्षणालाही हेच लागू आहे. पॉलिसीवर नाव येईपर्यंत ते आपल्याला मिळेल असे गृहीत धरू नका.

नावबदल करताना कंपनी थोडी जादा रक्कम मागेल, त्याने गोंधळू नका. दावा न केल्याबद्दलची सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, हा गाडीचा नसून विकणाऱ्या व्यक्तीचा असतो. तो त्यांच्याकडेच राहतो आणि उरलेल्या मुदतीपुरता फरक आपल्याला भरावा लागतो.

आता भरपाईच्या दायित्वाविषयी. कलम २(३०) नुसार 'मालक' म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे ती व्यक्ती. फेब्रुवारी २०१८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हीच व्याख्या कायम ठेवली. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अशा अनेक हातांतून गेली होती, तरीही अपघाताच्या दिवशी नोंदवहीत ज्यांचे नाव होते त्यांनाच न्यायालयाने जबाबदार धरले. म्हणून हा प्रश्न जितका आपला आहे तितकाच विकणाऱ्या गृहस्थांचाही आहे. मात्र यातून आपली सुटका होते असे समजू नये. निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा गुन्हा, मग तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ चा असो वा मृत्यू ओढवल्यास कलम १०६ चा, तो स्टिअरिंगवर बसलेल्याचाच असतो. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे, पोलिसांना चोवीस तासांच्या आत कळवणे आणि विमा कंपनीला माहिती देणे ही मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मधील कर्तव्येही, आरसीवर नाव कोणाचेही असले तरी, चालकाला चुकत नाहीत.

विम्याची मुदत संपलेली नाही याची तारखेसह खात्री मात्र करा. कलम १९६ नुसार विम्याविना गाडी चालवणे आणि चालवू देणे हे दोन्ही गुन्हे आहेत. पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा घडल्यास दंड चार हजार रुपये. पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र, गाडीचीच असते, तिला नावबदल लागत नाही, पण तिचीही तारीख पाहा. पोलिसांना डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधील कागद चालतात, परंतु दुसऱ्याच्या नावावरील आरसी आपल्या डिजिलॉकरमध्ये उतरणार नाही, म्हणून सध्या मूळ आरसी, विमापत्र आणि ताबापावती गाडीतच ठेवावी.

पूर्वमालक:

मी अशाच एका व्यवहाराच्या दुसऱ्या बाजूला होते, म्हणून लिहिते. मी माझी कार विकली, सह्या केलेले फॉर्म खरेदीदाराच्या हाती दिले आणि काम झाले असे समजून स्वस्थ बसले. त्यांनी फॉर्म दाखल केलेच नाहीत. सुमारे आठ महिन्यांनी मला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली. एका शाळकरी मुलाच्या पायावरून त्या गाडीचे चाक गेले होते आणि नोंदणीकृत मालक म्हणून प्रतिवादींमध्ये माझे नाव होते. त्या मुलाला मी कधी पाहिलेले नव्हते, तरी त्याच्या शस्त्रक्रियांच्या बिलांच्या प्रती माझ्या घरी आल्या. सुदैवाने विमा चालू होता, म्हणून त्याला भरपाई मिळाली. पण ती नोटीस उघडल्यानंतरचे कित्येक दिवस मी विसरू शकत नाही.

म्हणून आपल्या परिचितांना माझ्या वतीने इतकेच सांगा की, एकाच राज्यातील व्यवहार असल्यास नोंदणी प्राधिकरणाला चौदा दिवसांत कळवणे हे कलम ५० नुसार विकणाऱ्याचे कर्तव्य आहे, तर आपल्यासाठी तीस दिवसांची मुदत आहे. विकणाऱ्याने फॉर्मवर सही करून थांबायचे नसते. ताबापावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा, अगदी तास-मिनिटांसह, कारण त्याच दिवशी सकाळी सिग्नल तोडल्याचे ई-चलन नंतर आले, तर ते कोणी भरायचे हे त्या एका ओळीवरून ठरते. गाडीवर आधीची चलने थकीत आहेत का, हेही आत्ताच पाहून घ्या. आणि त्यांचा फास्टॅग त्यांना बंद करायला सांगा. आपण नवा घ्या.

नवाचालक:

आपणा दोघांचे मनापासून आभार. मी आज आरसी नीट वाचली आणि दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली, आरसीवर अजून एका बँकेचे नाव आहे, जरी कर्ज फिटल्याचे ते सांगतात. दुसरी, इंधनाच्या रकान्यात केवळ 'पेट्रोल' असे लिहिलेले आहे, पण डिकीत सीएनजीची टाकी बसवलेली आहे. यातले काही गंभीर आहे का?

चाकजोड:

माझे गॅरेज आहे, त्यामुळे दुसऱ्या गोष्टीपासून सुरुवात करतो. होय, गंभीर आहे. गाडीत बाहेरून गॅस किट बसवले की कलम ५२ नुसार तो बदल आरसीवर नोंदवावाच लागतो, आणि पॉलिसीतही किटची वेगळी नोंद लागते. दोन्ही ठिकाणी नोंद नसताना गाडीला आग लागली तर कंपनीला हात वर करायला आयते कारण मिळते. डिकीतील गालिचा बाजूला करून टाकीवरची धातूची पट्टी पाहा. तिच्यावर शेवटच्या हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने टाकी तपासल्याची, तारीख कोरलेली असते आणि ही चाचणी दर तीन वर्षांनी व्हावी लागते. पट्टी नसेल किंवा तारीख उलटलेली असेल, तर पंपावर गॅस भरायलाच जाऊ नका. टाकीत आहे तो गॅस अधिकृत किट बसवणाऱ्याकडून रिकामा करून घ्या आणि नोंद होईपर्यंत गाडी पेट्रोलवरच चालवा.

यामागे कायद्याचेही एक कलम आहे, जे जुन्या गाडीच्या बाबतीत फार कमी लोकांना ठाऊक असते. कलम १९० नुसार, धोकादायक दोष असलेली गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवणे हा गुन्हा आहे, आणि तो दोष चालवणाऱ्याला माहीत होता असे दाखवावे लागत नाही. साधी काळजी घेतली असती तर तो कळला असता, एवढे पुरते. त्यातून अपघात होऊन कोणाला इजा झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. 'गाडी कालच घेतली' हे उत्तर येथे चालत नाही. टायरच्या खाचांमध्ये तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायरचा पृष्ठभाग झिजून त्या उंचवट्यांना टेकला, म्हणजे खाच कायद्याने आवश्यक असलेल्या १.६ मिलिमीटरवर आली. मग टायर बदलायचाच. ब्रेक ऑइल, दोन्ही ब्रेक लाइट आणि मागचे सीट बेल्ट तपासून घ्या. सासूबाई मागेच बसत असतील, तर त्यांच्या बाजूचे बक्कल स्वतः ओढून पाहा.

बँकेचे नाव काढण्यासाठी बँकेचे ना-हरकत पत्र आणि तिच्या सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ लागेल. ते नसेल तर मालकी हस्तांतराचा अर्ज पुढे सरकणार नाही, कारण आरसीवर वित्तपुरवठादाराची नोंद असेपर्यंत त्याच्या संमतीशिवाय नावबदल होत नाही. कर्ज फिटले हे त्यांनी तोंडी सांगणे पुरेसे नाही.

नवाचालक:

फॉर्म ३५ त्यांच्या कपाटात मिळाला. बँकेच्या शिक्क्याची तारीख चार वर्षांपूर्वीची आहे, म्हणून तो अजून ग्राह्य आहे का हे उद्या बँकेत विचारणार आहे. विमा नावबदलाच्या अर्जावर आम्ही दोघांनी आज सह्या केल्या आणि कंपनीची पोचही घेतली. टाकीवरची पट्टी पाहिली, शेवटची चाचणी पाच वर्षांपूर्वीची आहे. टाकी उद्या रिकामी करून घेईन. पॉलिसीवर नाव येईपर्यंत सासूबाईंना रिक्षाने नेण्याचे घरात ठरले आहे.