खाजण, खार, मिठागर : रुळांकाठच्या चिखलाला काय म्हणावं?

— भाईंदरहून नायगावकडे जाताना रुळांच्या दोन्ही अंगांना खारट चिखल, तिवरं (खारफुटीची झाडं) आणि पाणी दिसतं. या सगळ्याला एकच मराठी शब्द हवा आहे. ‘दलदल’ चालेल का?

— ‘दलदल’ नको. पाय रुतेल ती कुठलीही जागा दलदल. ती रानातल्या झऱ्याकाठीही असते. ‘पाणथळ’मध्येही गोड्या-खाऱ्याचा भेद नाही. भरतीला बुडते आणि ओहोटीला उघडी पडते ती जमीन म्हणजे खाजण. तिथे तिवर वाढतं, निवट्या आणि चिंबोऱ्या बिळं करून राहतात.

बांध घालून भरती बाहेर ठेवली की त्याच जमिनीची खार होते. पावसाने वरचं मीठ धुऊन नेलं की तिच्यात भात लागतो. बांधाला उघाडी असते. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने तिचं दार उघडतं, भरतीला बाहेरच्या दाबाने आपसूक मिटतं. कायद्यातही हाच शब्द आहे: 1948चा खार जमिनींचा कायदा आणि 1979चा खारभूमी विकास कायदा.

याउलट भरतीचं पाणी मुद्दाम आत घेऊन कोंडलं, उन्हात आटवलं, की मिठागर. चिखल एकच असतो, पण भरतीशी माणूस कसा वागला ते या तीन शब्दांत नोंदलेलं आहे. म्हणून मला ते फार मोलाचे वाटतात. त्यांच्या जागी एकच गुळगुळीत शब्द आला तर ही सगळी माहिती जाईल.

— पेणकडचा ‘शिलोत्री’ यात धरा. पूर्वी खारीचा बाहेरचा मोठा बांध राखायची जबाबदारी शिलोत्रीदाराची असायची, आणि त्याबदल्यात त्याला कसणाऱ्यांकडून भाताचा वाटा मिळायचा. म्हणजे हा शब्द जमिनीच्या पोतापेक्षा हक्काचा आहे.

— रुळांबद्दल कुणीच बोललं नाही. रेल्वेचा भराव हाही बांधच, फक्त त्याला उघाडी नसते, मोऱ्या असतात. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली, त्या मार्गाने शीव आणि कुर्ला यांच्यामधलं खाजण भराव घालूनच ओलांडलं. मोऱ्या रुंद आणि मोकळ्या असतील तर भरती दोन्हीकडे पोचते. त्या गाळाने किंवा कचऱ्याने बुजल्या, की खाडीच्या अंगाला तिवर टिकतं, पण जमिनीच्या अंगाला पावसाचं पाणी तुंबतं आणि पाणकणीस, म्हणजे गोड्या पाण्यात वाढणारी कणसाची उंच पाणवनस्पती, माजतं. चांगलं जितंजागतं खाजण असं गुदमरताना बघवत नाही. अशा तुंबलेल्या बाजूला खाजण म्हणू नये, पाणथळच म्हणावं. खिडकीतून झाड बघा: तिवर असेल तर भरती येते आहे, पाणकणीस असेल तर ती तुटली आहे.

— एक सावधगिरी. गोव्यात ‘खाजण’ म्हणजे बांध घालून राखलेली शेतं, जवळपास आपली खारच. तिथे उघाडीला ‘मानस’ म्हणतात आणि खारं सोसणारं कोरगुट भात लावतात. तेव्हा मजकूर वसईचा असेल तर खाजण बिनधास्त लिहा. कारवार-मडगाव मार्गावरच्या गाडीतून दिसणाऱ्या शेतांबद्दल असेल, तर बांध घातलेला आहे हे त्याच वाक्यात सांगा, नाहीतर इकडचा वाचक तिवरं डोळ्यांसमोर आणेल.