अनुभव धागा: आयईएलटीएस (सर्वसाधारण इंग्रजी परीक्षा) की ओईटी (आरोग्यसेवकांसाठीची इंग्रजी परीक्षा)? परदेशात आरोग्यसेवेतील नोंदणीसाठी तुम्ही कोणती परीक्षा निवडलीत?

रात्रपाळी
काल जुनी कागदपत्रे चाळताना माझे 2016 सालचे आयईएलटीएसचे गुणपत्रक हाती लागले: ऐकणे 8, वाचन 7, बोलणे 7 आणि लेखन 6.5. ब्रिटनची परिचर्या परिषद, म्हणजे एनएमसी, तेव्हा चारही विभागांत 7 मागत असे, आणि त्या अर्ध्या बँडपायी मी तीनदा परीक्षा दिली. वॉर्डातल्या नोंदी मी झोपेतही बिनचूक लिहीन. पण जाहिरातींचा मुलांवर होणारा परिणाम या विषयावर 250 शब्दांत मत मांडा म्हटले की हात थांबत असे. नोव्हेंबर 2017 पासून परिषदेने ओईटी मान्य केली. तिच्या लेखनात रुग्णाच्या टिपणांवरून पत्र लिहायचे असते. मी ती दिली आणि पहिल्याच प्रयत्नात चारही विभागांत बी श्रेणी मिळाली. गंमत पुढेच आहे: डिसेंबर 2018 मध्ये परिषदेने आयईएलटीएसच्या लेखनाची अट 6.5 वर आणली! जुने गुणपत्रक हातात धरून मी बराच वेळ हसत होते. आपापले अनुभव अवश्य लिहा; विशेषतः परीक्षा कशाच्या आधारावर निवडलीत, ते.

ऑनकॉल
डॉक्टरांचे गणित थोडे वेगळे आहे. ब्रिटनमध्ये डॉक्टरांची नोंदणी करणारी जीएमसी आयईएलटीएसमध्ये एकूण 7.5 आणि प्रत्येक विभागात किमान 7 मागते, तेही एकाच बैठकीत. ओईटी दिली तर चारही विभागांत बी, म्हणजे 350 गुण, हवेत. मला ब्रिटन आणि अमेरिका असे दोन्ही दरवाजे उघडे ठेवायचे होते. परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकेच्या ईसीएफएमजी या संस्थेच्या प्रमाणपत्रासाठी ओईटी मेडिसिनच (ओईटीची डॉक्टरांसाठीची परीक्षा) लागते, तेथे आयईएलटीएस चालत नाही, त्यामुळे निवडीचा प्रश्नच उरला नाही. लेखनात मात्र त्यांना 300 पुरतात.

नमुनानळी
सगळे ओईटीचे गोडवे गात आहेत, म्हणून सांगते. ती परीक्षा बारा व्यवसायांसाठी आहे. त्यांत पशुवैद्यकही आहे, पण आम्ही प्रयोगशाळावाले नाही. मी दोन महिने ओईटीची पुस्तके वाचली आणि अर्ज भरायला बसल्यावर यादीत स्वतःचा व्यवसाय शोधत राहिले. शेवटी आयईएलटीएस दिली, कारण आमच्यासारख्यांची नोंदणी करणाऱ्या ब्रिटनच्या एचसीपीसीला जैववैद्यकीय शास्त्रज्ञांसाठी एकूण 7 आणि कोणत्याही विभागात 6.5 पेक्षा कमी नको, एवढेच हवे होते.

रात्रपाळी
@नमुनानळी, ओईटीच्या बोलण्याच्या परीक्षेत समोरचा रुग्णाची भूमिका करतो; मग पशुवैद्यकांच्या परीक्षेत रुग्ण कोण होतो, हा प्रश्न मला कित्येक दिवस छळत होता.

नमुनानळी
परीक्षक प्राण्याच्या मालकाची भूमिका करतो. मीही हे शोधून काढले होते!

मनगट
मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि ओईटीच्या लेखनात पहिल्यांदा सी प्लसवर, म्हणजे बीच्या खाली, घसरलो, त्याचे कारण इंग्रजी नव्हते. टिपणांत होते ते सगळे मी पत्रात कोंबले: पंधरा वर्षांपूर्वीची पित्ताशयाची शस्त्रक्रिया, वडिलांचा मधुमेह, सगळेच. अपेक्षा साधारण 180 ते 200 शब्दांची असते आणि माझे पत्र 280 च्या पुढे गेले. पत्र ज्याच्या हाती पडणार त्याला उद्या सकाळी काय करायचे आहे, हे आधी ठरवावे आणि त्याला न लागणारे गाळावे, ही गोष्ट मला दुसऱ्या प्रयत्नात उमगली. रोज रुग्ण पाहणाऱ्याला ओईटी सोपी जाते, असे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे, कारण ओळखीचा विषय दिसला की आपण गाफील होतो. वाचनाच्या पहिल्या भागात पंधरा मिनिटांत वीस प्रश्न सोडवायचे असतात. तेथे वैद्यकीय ज्ञान नव्हे, नजरेचा वेग कामी येतो.

पाळी_बदल
आयईएलटीएसची बाजू कोणी घेत नाही म्हणून लिहिते. शुल्क बरेच कमी, केंद्रे जास्त, आणि उद्या बेत बदलून पुढील शिक्षणासाठी अर्ज केला तरी तेच गुण कामी येतात. मला निबंध लिहायला आवडतो, आणि परीक्षकासमोर रुग्णाची समजूत घालण्याचे नाटक करणे मात्र जमत नाही. अमेरिकेच्या व्हिसास्क्रीनसाठी, म्हणजे परदेशी आरोग्यसेवकांना तेथील व्हिसासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रासाठी, परिचारिकेला एकूण 6.5 आणि बोलण्यात 7 लागतात, म्हणजे तेथे लेखनापेक्षा बोलण्याने अडण्याची शक्यता अधिक. आपले शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाले म्हणून सूट मिळेल, अशा भ्रमात मी सहा महिने घालवले. ती सूट ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि क्वीबेक वगळता कॅनडा अशा मोजक्या ठिकाणी शिकलेल्यांनाच आहे.

रात्रपाळी
@पाळी_बदल, तुमचे पटले. मी लेखनात अडकले म्हणून मला ओईटी बरी वाटली. तुम्ही बोलण्यात अडकला असता तर कदाचित मी उलटच सल्ला दिला असता. एनएमसीसाठी देणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: काही किमान गुण राखले, तर बारा महिन्यांच्या आतील दोन बैठकांचे गुण तेथे एकत्र धरता येतात. माझ्या वेळी लेखन काही केल्या हललेच नाही, म्हणून जोडायला माझ्याकडे काहीच नव्हते.

जुनी_परिचारिका
माझी व्यथा वेगळी आहे. परीक्षा उत्तीर्ण झाले, पण ज्या संस्थेत शिकले तिने अभ्यासक्रमाचा प्रमाणित उतारा देण्यास चौदा महिने लावले. गुण दोनच वर्षे धरले जातात. अर्जाच्या इतर टप्प्यांत उरलेला काळ संपला आणि मला परीक्षा पुन्हा द्यावी लागली. आधी कागद मागवा, मग परीक्षेची तारीख घ्या.

मनगट
चौदा महिने! वाचूनच घशाला कोरड पडली. दुसऱ्या वेळी गुण वाढले का?

जुनी_परिचारिका
ऐकण्यात कमी झाले, बोलण्यात वाढले. चौदा महिने त्या कार्यालयाशी भांडून जीभ सैल झाली असावी.

वाचनमात्र
आजवर केवळ वाचत होते. परवा माझी ओईटी नर्सिंग आहे, म्हणून धीर करून विचारते. बोलण्याच्या परीक्षेत भूमिकेचे कार्ड हातात मिळाल्यावर तयारीला किती वेळ असतो, आणि त्यावर काही लिहिता येते का?

रात्रपाळी
सुमारे तीन मिनिटे मिळतात आणि कार्डावर टिपण करता येते. संवाद साधारण पाच मिनिटांचा असतो आणि असे दोन होतात. कार्डावरील सूचना एकामागून एक उरकू नका. समोरची व्यक्ती घाबरलेली असेल तर आधी ती कशाला घाबरली आहे ते विचारा, कारण रुग्णाची बाजू समजून घेण्यालाही गुण आहेत. आणि सुरुवातीला तुमच्या कामाविषयी ज्या गप्पा होतात त्यांना गुण नसतात, तेव्हा तेथे अडखळलात तरी चालेल.