कानबाईच्या रोटातली जादा मूठ: शॉर्टफिल्म लिहितेय, फ्लॅशबॅक टाकू का?

तापीकाठची:
मंडळी, २० मिनिटांची शॉर्टफिल्म लिहितेय. बारा वर्षांची पोरगी पुण्याहून अमळनेरकडच्या गावी कानबाईला (आमच्या खानदेशातला देवीचा सण) येते, नागपंचमीनंतरचा रविवार, भाऊबंदकी जमलेली. नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात ना, तर पोरगी मोजत बसते आणि तिच्या लक्षात येतं की घरात पुरुष पाच अन् आजीने घेतल्या सहा. सहावी सुरतला गेलेल्या काकाची, जो परत आलाच नाही. आमच्याच घरचं आहे हे, मी काकांना पाहिलेलं नाही. १९९२च्या लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटमध्ये ते पंगतीत वाढताना दिसतात म्हणे, पण कॅसेटवर पांढरी बुरशी आलीय. ती वापरून फ्लॅशबॅक करू का?

केळीवाला रावेर:
ताई आधी ती कॅसेट व्हीसीआरमधे घालू नका!! बुरशी हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागते आणि मग पुढची चांगली कॅसेटपण जाते. मी बहिणीच्या लग्नाची घातली होती, टेप अडकून चुरगळलेली बाहेर आली, बहीण अजून ऐकवते. आधी साफ करून घ्या, मग एकदाच चालवायची आणि तेव्हाच कॉपी.

भुसावळ जंक्शन:
फ्लॅशबॅक नको. सहावी मूठ सुपात पडते तो आवाज पुरे. आणि आजीला पुस्तकी मराठी बोलायला लावू नका प्लीज, अहिराणीच ठेवा, "येई तो, येई" एवढं म्हणून ती परत गहू निवडायला लागली की झालं. रोट भाऊबंदकीबाहेर देत नाहीत, मग काकांचा वाटा कोण खातं?

धुळ्याची सून:
सगळे काकांच्या मागे लागलेत, पोरीचं काय? जो आलाच नाही त्याची मूठ आहे आणि समोर बसून मोजतेय तिची नाही. "मनी मूठ कोठे शे?" (माझी मूठ कुठेय?) हे तिने विचारायलाच हवं. मी माहेरी विचारलं होतं, तर म्हणे पोरींचं सगळं सासरी. सासरी तरी कुठे काढतात 😀

तापीकाठची:
बापरे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मीपण लहानपणी मोजायचे की, स्वतःला धरून मोजायचे आणि हिशेब चुकायचा. @जंक्शन, काकांचा वाटा आजीच खाते, सोमवारी विसर्जन झाल्यावर, गंगाफळाच्या (लाल भोपळ्याच्या) भाजीबरोबर चतकोर चतकोर. फ्लॅशबॅक काढला. कॅसेट मात्र साफ करून घेतेय, फिल्मसाठी नाही, बाबांना बघायचीय.