देवगिरीला फक्त पाऊण तास? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

सेक्रेटरी काका: सहलीचं वेळापत्रक टाकतोय. शनिवारी सकाळी ८ वाजता संभाजीनगरच्या हॉटेलवरून निघायचं. देवगिरी (दौलताबादचा) किल्ला पाऊण तास, मग वेरूळची लेणी, घृष्णेश्वर, संध्याकाळी परत. बदल हवा असेल तर आजच सांगा, उद्या बसवाल्याला कळवायचंय.

डी-६०१ काकू: भाऊ, पाऊण तासात चाँद मिनारपाशी फोटो काढून परत येणं होईल, किल्ला बघणं होणार नाही. निदान तीन तास ठेवा, कळकळीने सांगते.

बी-१०४: काकू, मग वेरूळला वेळ कमी पडेल. आणि वर आता आहे काय? पडक्या भिंतीच ना?

डी-६०१ काकू: पडक्या आहेत, पण त्या पडक्या भिंतींत यादव, खिलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही, मुघल असे सगळे एकावर एक बसलेत. माझं माहेर संभाजीनगरचं, लहानपणापासून बघत आलेय. सविस्तर लिहू का?

ए-२०३ ताई: लिहा ना काकू. मुलांनाही वाचून दाखवते.

डी-६०१ काकू: बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने इथे यादवांची राजधानी वसवली. ज्ञानेश्वरी १२९० मध्ये पूर्ण झाली, तेव्हा इथे रामदेवराव राज्य करत होता. डोंगर सुमारे २०० मीटर उंच. त्याच्या कडा खालून पन्नासेक मीटर छिन्नीने तासून सरळ उभ्या केल्यात, भोवती कातळातच खोदलेला खंदक. खंदकावरून आत जायला एकच वाट, आणि पुढे अंधारी. तो वळणावळणाचा काळोखा भुयारी रस्ता आहे. वरच्या तोंडाला लोखंडी झाकण असे आणि शत्रू आत शिरला की धूर कोंडायची सोय होती. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथे येऊन गेला. त्याने लिहिलंय की वर जायची शिडी चामड्याची होती आणि रात्री ती ओढून घेत. तळघरातले उंदीर मांजरांपेक्षा मोठे होते, हेही त्याचंच!

बी-१०४: एवढा बंदोबस्त, तरी किल्ला पडलाच की दर वेळी.

डी-६०१ काकू: हेच मला सांगायचंय. म्हणून तिथे गेल्यावर तटाआधी पाणी आणि धान्याच्या जागा बघा. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला. चुलत्याला, म्हणजे दिल्लीच्या सुलतानाला, त्याने पत्ताही लागू दिला नव्हता. यादवांचं मोठं सैन्य राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर गेलेलं. रामदेवराव किल्ल्यात शिरला, दारं लावली. घाईघाईत वर चढवलेल्या गोण्या उघडल्या तर धान्याऐवजी मीठ निघालं, असं सांगतात. तासलेला कडा कोणी चढून आलं नाही, तरी तह करावा लागला. इथून नेलेल्या सोन्याच्या जोरावर त्याच वर्षी अल्लाउद्दीन दिल्लीच्या गादीवर बसला.

सी-३०२: मिठाच्या गोण्यांची गोष्ट खरी आहे का काकू? दंतकथा वाटते.

डी-६०१ काकू: ती फिरिश्ता नावाच्या इतिहासकाराने लिहिली, घटनेनंतर तीनशे वर्षांनी. त्यामुळे मीठ होतं की नाही यावर मी पैज लावणार नाही. पण सैन्य जागेवर नव्हतं आणि वेढ्याची तयारी नव्हती, हे पक्कं. आता १६३३ बघा, तेव्हा किल्ला निजामशाहीकडे होता. मुघलांचा महाबतखान वेढा घालून बसला. सुरुंगांनी बाहेरचे कोट फुटले, विजापूरची कुमक आत धान्य पोचवायची खटपट करत होती, पण आत उपासमार सुरू झालीच. शेवटी मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान याने किल्ला देऊन टाकला. लहानग्या निजामशहाला ग्वाल्हेरच्या कैदेत पाठवलं. मधल्या साडेतीनशे वर्षांत कोट वाढले, तोफा आल्या, आणि गाठ पुन्हा पोटाशीच पडली.

सेक्रेटरी काका: हे माहीत नव्हतं. मग नेमकं बघायचं काय काय?

डी-६०१ काकू: सरस्वती बाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आणि हत्ती हौद. हौदाच्या काठावर उभं राहिलं की केवढी वस्ती असेल ते कळतं. आसपासच्या डोंगरांतलं पाणी मातीच्या नळांनी आणलेलं होतं. तिथेच जवळ भारतमाता मंदिर. ते १३१८ च्या सुमारास खिलजीच्या मुलाने बांधलेली मशीद होती, खांब त्याहून जुन्या देवळांचे. हैदराबाद संस्थान भारतात आल्यावर तिथे भारतमातेची मूर्ती बसवली. एका आवारात तीन काळ, शांतपणे बघावं. मग चिनी महाल. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशहा औरंगजेबाच्या कैदेत तिथे वर्षानुवर्षं होता. भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांचे तुकडे अजून दिसतात. मेंढा तोफ, बारादरी हे पुढे वाटेतच.

बी-१०४ (मुलाने टाइप केलंय): आजी, मराठ्यांचा होता का किल्ला?

डी-६०१ काकू: होता रे बाळा, पण थोडाच काळ. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर हैदराबादच्या निजामाने तो पेशव्यांना दिला, पुढे परत त्याच्याकडे गेला. पण आपलं नातं त्याआधीचं आहे. जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव यांना १६२९ मध्ये निजामशहाने याच किल्ल्यात मुलांसकट दगा देऊन मारलं. त्या दरबाराच्या आवारात मला आजही थांबवत नाही.

ए-२०३ ताई: अंगावर काटा आला. आणि एकनाथ महाराजांचाही संबंध आहे ना?

डी-६०१ काकू: आहे ना. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते. नाथ लहान वयात पैठणहून त्यांच्याकडे आले आणि इथेच शिकले. वर जनार्दनस्वामींचं स्थान आहे, अजून लोक भक्तीने चढून जातात. ओस पडलेल्या गडावर तेवढी एक जागा जागती राहिली, मला त्याचं फार वाटतं.

सी-३०२: आईचे गुडघे दुखतात. तिने काय करायचं?

डी-६०१ काकू: त्यांनी चाँद मिनार, हत्ती हौद, भारतमाता मंदिर करावं, सावलीत बसायला जागा आहे. खंदकापुढे चढ सुरू होतो आणि अंधारीत पायऱ्या उंच, निसरड्या आहेत, तिथे त्यांना नेऊ नका.

सेक्रेटरी काका: ठरलं. सकाळी ६:३० ला निघू, देवगिरी ७ ते १०:३०, मग वेरूळ. घृष्णेश्वर दुपारी. बसवाल्याला आत्ताच कळवतो.

बी-१०४: आम्ही दोघं वरपर्यंत. टॉर्च घ्यायचा का?

डी-६०१ काकू: प्रत्येकाने घ्या, मोबाईलच्या उजेडावर राहू नका. अंधारीत वटवाघळं आहेत, मुलांना आधीच सांगून ठेवा. चपला नकोत, बूट हवेत. आणि प्रत्येकाने दोन बाटल्या पाणी खालूनच भरून घ्या.