शुर्लेने २९ व्या वर्षी खेळ सोडला ते बरोबर होतं का?

डावीकडून_आत:
२०१४ च्या फुटबॉल विश्वचषक फायनलमध्ये ११३ व्या मिनिटाला डाव्या बाजूने पळत जाऊन विजयी गोल करणाऱ्या गोट्झेच्या छातीवर नेमका चेंडू टाकणारा जर्मनीचा आंद्रे शुर्ले जुलै २०२० मध्ये निवृत्त झाला. डॉर्टमुंड या जर्मन क्लबशी करार अजून वर्षभर बाकी होता. मला अजूनही वाटतं, घाई केली. जानेवारी २०१९ मध्ये फुलहॅम या इंग्लिश क्लबकडून बर्नलीविरुद्ध मारलेली ती लांबून व्हॉली (चेंडू हवेत असतानाच मारलेला फटका) बघा. पायात असा दम असताना कोणी थांबतं का? पगार कमी घेऊन जुन्या क्लबला, माइन्झला परतायचं, जिथे प्रशिक्षक टुखेलने त्याला घडवलं.

मेघना_पी:
अजिबात पटलं नाही. त्याच मोसमात फुलहॅम प्रीमियर लीगमधून खालच्या श्रेणीत गेला, एका व्हॉलीने काय होतं? चेल्सी, वोल्फ्सबुर्ग, डॉर्टमुंड, फुलहॅम, स्पार्टाक मॉस्को. २०१३ पासून सतत सामान बांधलेलं. वोल्फ्सबुर्ग आणि डॉर्टमुंड दोघांनीही त्याच्यासाठी सुमारे ३ कोटी युरो मोजले, म्हणजे प्रत्येक चुकलेल्या पासवर तो आकडा ऐकायचा. ‘डेर श्पीगल’ या जर्मन साप्ताहिकाला त्याने मोकळेपणाने सांगितलं की या व्यवसायात टिकायला सतत एक भूमिका वठवावी लागते. त्याला ती वठवायची नव्हती. यात कसली घाई?

कट्टर_बुंडेस:
+१ मेघनाताई. शिवाय बाकावरून उठून सामना फिरवणं हेच त्याचं खरं कौशल्य होतं. ब्राझीलमधल्या त्या विश्वचषकात तीन गोल केले, अल्जीरियाविरुद्ध टाचेने एक आणि यजमानांविरुद्ध ७-१ मध्ये दोन. तिन्ही बदली म्हणून येऊन. फायनलमध्येही क्रामरच्या जागी ३१ व्या मिनिटाला आला. त्या स्पर्धेत सुरुवातीच्या अकरात एकदाही नव्हता! असं सतत वाट बघत बसणं माणसाला आतून थकवतं.

डावीकडून_आत:
मग डॉर्टमुंडच्या मार्को रॉयसचं काय? घोट्याच्या दुखापतीने तो विश्वचषक हुकला, पुढेही दुखापतींनी पाठ सोडली नाही, बुंडेसलिगा (जर्मनीची अव्वल लीग) कधीच जिंकली नाही. तरी २०२४ पर्यंत डॉर्टमुंडमध्ये टिकलाच ना? चिकाटी म्हणतात ती हीच. शुर्लेकडे ५७ आंतरराष्ट्रीय सामने आणि २२ गोलांची शिदोरी होती.

मेघना_पी:
रॉयस डॉर्टमुंडचाच पोरगा. पडला तरी स्टेडियम त्याच्यासाठी उभं राहायचं. शुर्लेला माइन्झनंतर असं आपलं म्हणणारं मैदान कुठे मिळालं ते सांगा, मग चिकाटीबद्दल बोलू.