ऑर्डरच्या फॉर्मची चौकट किती लवचिक ठेवायची?

हापूसवाली, देवगड
नमस्कार. आमच्याकडच्या ११ बागायतदारांचे आंब्याच्या ऑर्डरचे फॉर्म मी बनवते. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कुणी पाच डझनांचीच पेटी देतो, कुणाला "कच्चे पाठवू की तयार" असं विचारायचं असतं. मी एकच फॉर्म केला आणि दर मागणीला एक सेटिंग वाढवत गेले. आता ३७ झालीत. परवा एक काका म्हणाले, पत्त्याखाली खुणेची ओळ हवी, "देवळामागे, विहिरीला लागून" असं लिहायला. त्याला एकही सेटिंग लागू पडेना. मग लवचिक फॉर्म करतात तरी कसा?

खाडीपलीकडे, रत्नागिरी
ताई, प्रत्येक सेटिंग म्हणजे तुम्ही आधीच ताडलेली एक मागणी. काकांची ओळ ताडली नव्हती, तिथे अडलात. चांगली चौकट मध्ये हात घालायला जागा ठेवते.

मी जँगोवर काम करतो, म्हणजे पायथन भाषेत वेबसाइट बनवायच्या तयार चौकटीवर. तिथे फील्ड वेगळं, विजेट वेगळं. माहिती कसली आणि ती बरोबर कधी धरायची, हे फील्ड सांगतं. पडद्यावर ती कशी दिसेल, हे विजेट. काकांसाठी मूळ फॉर्मचा वर्ग (कोडातला साचा) वारशाने घ्या, म्हणजे मूळ तसाच ठेवून त्यावर बेतलेला नवा वर्ग करा, आणि त्यात एक फील्ड जोडा. लिहायला जागा कमी पडली तर नुसतं विजेट बदला, तपासणी तशीच राहते. २०१७ साली १.११ आवृत्ती येईपर्यंत विजेटचं एचटीएमएल पायथनच्या कोडातच अडकलेलं होतं. ते टेम्प्लेटमध्ये, म्हणजे सहज बदलता येणाऱ्या वेगळ्या फाइलीत आलं तेव्हा माझं केवढं काम हलकं झालं!

हा फरक मी एकदा पाळला नाही. मालवणच्या एका होमस्टेच्या नोंदणीत आकडे दिसले म्हणून फोनला अंकाचं फील्ड दिलं. काकूंचा ०२३६५ ने सुरू होणारा नंबर साठवताना पुढचं शून्य गळलं. गणपतीच्या आधीचे दिवस, पुण्याहून लोक फोन लावतायत आणि लागत नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. फोन नंबरांची बेरीज कुणी करत नाही, तो मजकूरच. मोबाइलवर आकड्यांचा कीबोर्ड यायला हवा, तर तो विजेटला इनपुटमोड (कुठला कीबोर्ड हवा हे ब्राउझरला सांगणारी खूण) लावून मागायचा.

दर्यावर्दी, वेंगुर्ला
डझनाचंही बघा. गिऱ्हाईक पेटी म्हणतं, बागेत हिशेब डझनावर. सिंफनी या पीएचपी भाषेतल्या चौकटीत यासाठी डेटा ट्रान्सफॉर्मर असतात: पडद्यावरचं रूप एक, साठवायचं दुसरं, मध्ये दोन्ही बाजूंनी रूपांतर. पाच डझनांची पेटी ६० नग म्हणून साठवा. पुढे फळ लहान आलं आणि पेटी सहा डझनांची झाली, तरी जुन्या ऑर्डरी बिघडत नाहीत.

हापूसवाली, देवगड
हे पटलं. पण बागायतदारांना स्वतः काही बदलायचं झालं तर? त्यांना पायथन कुठून येणार?

खाडीपलीकडे, रत्नागिरी
लेबल, क्रम, सक्तीचं की नाही आणि मदतीची ओळ, एवढं त्यांच्या पडद्यावर द्या. बाकी कोडात. आणि काहीच बदललं नाही तरी फॉर्म नीट चालला पाहिजे. तपासणी सर्व्हरवर हवीच, ब्राउझरमधली कुणालाही टाळता येते. आधी एक करा: ३७ पैकी किती सेटिंग्ज दोनपेक्षा जास्त बागा वापरतात ते मोजा.

हापूसवाली, देवगड
मोजली. ९. बाकीची २८ एकेका-दोघांपुरती आहेत, ती त्यांच्या त्यांच्या वर्गात हलवते. काकांची खुणेची ओळ आज रात्रीच जोडते, सोमवारी त्यांची पहिली तोड आहे.