टेबल सॉच्या स्लेडला रनर कशाचे बसवलेत? अनुभव लिहा

क्रॉसकट स्लेड म्हणजे टेबल सॉवर (टेबलातून पातं वर आलेल्या करवतीवर) लाकूड आडवं कापताना ते पात्याकडे ढकलायची प्लायची सरकती पाटी. तिचा सगळा नेमकेपणा खालच्या दोन पट्ट्यांवर, म्हणजे टेबलातल्या खाचांत धावणाऱ्या रनरवर असतो. प्लाय कितीही सपाट घ्या, फेन्स (लाकूड टेकवायची उभी पट्टी) कितीही काटकोनात लावा. रनर खाचेत हलला की काप तिरका जातो. घट्ट झाला तर स्लेड ढकलायला जोर लागतो, आणि फिरत्या पात्याशी असा जोर लावणं धोक्याचं. तेव्हा तुम्ही काय वापरलंत, कसं बसवलंत आणि पावसाळ्यानंतर ते कसं चालतंय, हे सविस्तर लिहा. गावही लिहा, कारण हवेचा संबंध थेट आहे.

सुरुवात मी करतो. गाव पुणे. माझ्या मशीनची खाच पाऊण इंच रुंद आणि तीन सूत (३/८ इंच) खोल, म्हणजे अमेरिकन मापाची. रनर जुन्या सागवानी चौकटीतून काढले. पट्टी निवडताना तिचं टोक बघायचं: वलयांच्या रेषा उभ्या दिसल्या पाहिजेत. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, फुगतं ते रुंदीत, आणि रेषा उभ्या असतील तर तेही कमी. सागाच्या आकड्यांनी हिशेब केला, तर लाकडातला ओलावा ६ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेल्यास १९ मिमीची उभ्या रेषांची पट्टी साधारण ०.२३ मिमी फुगते आणि आडव्या रेषांची ०.४२ मिमी. परदेशी व्हिडिओंत ज्याचं कौतुक असतं ते हार्ड मेपल आडव्या रेषांत ०.८ मिमीपर्यंत जातं. आपल्याकडे साग असताना मेपल शोधण्यात मला अर्थ वाटत नाही. बसवणी मात्र भर पावसाळ्यात करावी. तेव्हा सरकती बसलेली पट्टी उन्हाळ्यात थोडी सैल होईल, पण अडकणार नाही.

पटाशी, रत्नागिरी

धागा काढलात, बरं झालं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओलीच. प्लॅस्टिक म्हणजे पाण्याची काळजी नाही असा समज आहे, पण नायलॉनला तो लागू नाही. नायलॉन हवेतला ओलावा शोषून फुगतं. मार्चमध्ये गुळगुळीत धावणारी माझी नायलॉनची पट्टी ऑगस्टमध्ये खाचेत बसेना. त्याच दुकानात डेलरिन नावाचं दुसरं प्लॅस्टिक मिळतं. दिसायला सारखंच, महाग, पण पाणी जवळजवळ घेत नाही. कोकणातल्यांनी डोळे झाकून तेच घ्यावं.

वखारवाला, नाशिक

मी लोखंडाच्या बाजूचा. पाऊण इंच बाय तीन सूत ब्राइट बार (चकचकीत, धारदार कडांची पोलादी पट्टी) एमआयडीसीतल्या दुकानात कापून मिळतो. साधी काळी पट्टी घेऊ नका, तिच्या कडा गोलसर असतात आणि माप एकसारखं नसतं. ब्राइट बार मापापेक्षा किंचित कमीच असतो, त्यामुळे खाचेत थोडा हलतो. त्यावर उपाय आहे: पट्टीच्या कडेला सेंटर पंचने थोड्या थोड्या अंतरावर ठोके मारायचे. ठोक्याभोवती धातू उचलला जातो आणि पट्टी तेवढी रुंद होते. जास्त झालं तर कानस आहेच. खाचेची खोली तीन सूतच असेल तर पट्टीची जाडी थोडी उतरवून घ्या, ती तळाला टेकता कामा नये. गंजाचं म्हणाल तर नाशिकला मेणाचा हात पुरतो. रत्नागिरीच्या दादांना मी लोखंड सुचवणार नाही.

हातोडी_नि_खिळा, ठाणे

किचनच्या पांढऱ्या प्लॅस्टिक चॉपिंग बोर्डच्या पट्ट्या. स्वस्त, उत्तम.

वखारवाला, नाशिक

ठाणेकर, स्क्रूजवळ फुगत नाही का?

हातोडी_नि_खिळा, ठाणे

फुगतं, आणि मी त्याचा उपयोग करतो. पायलट होल (स्क्रूसाठी आधी पाडायचं भोक) पूर्ण मापाचं पाडलं तर पट्टी जशीच्या तशी राहते. काउंटरसिंक (डोकं आत बसणारा) स्क्रू जरा जास्त आवळला की त्या जागी कडा किंचित बाहेर येते. पट्टी सैल वाटली तर स्क्रू पाव फेरा आवळायचा, घट्ट झाली तर सोडायचा. लाकडात ही सोय नाही.

तळघर, न्यू जर्सी

इथे उलटा त्रास. हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा कोरडी पडते आणि लाकडाचे रनर खडखडतात. मी यूएचएमडब्ल्यू पॉलिएथिलीन, म्हणजे एक चिवट, गुळगुळीत प्लॅस्टिक वापरलं. त्याला ग्लू अजिबात धरत नाही, स्क्रूच लावावे लागतात. बसवताना खाचेत आधी नाणी ठेवली, त्यावर रनर, म्हणजे ते टेबलाच्या किंचित वर राहतात. त्यांवर दुहेरी चिकटपट्टी लावली, प्लायची कड मशीनच्या फेन्सला टेकवून वरून दाबलं, मग उचलून उलटं केलं आणि स्क्रू मारले. मात्र त्याआधी पातं आणि खाच समांतर आहेत का हे तपासाच. ते चुकलं असेल तर कुठलाही रनर उपयोगाचा नाही.

पटाशी, रत्नागिरी

नाण्यांची युक्ती छान! घट्ट जागा शोधायला मी खाचेच्या भिंतींवर पेन्सिल घासतो. स्लेड मागेपुढे केली की रनरवर जिथे काळं उमटतं तेवढंच खरवडायचं. सगळी पट्टी रंधली की ती कायमची सैल. आणि सिलिकॉनचा स्प्रे मारू नका. तो कामाच्या लाकडाला लागतो आणि पुढे पॉलिश धरत नाही. साधं मेण लावा.

नवशिका, नागपूर

माझ्या छोट्या मशीनची खाच पाऊण इंच नाहीच, कमी आहे. तयार अ‍ॅल्युमिनियमचे रनर बसत नाहीत. काय करू?

वखारवाला, नाशिक

व्हर्निअरने खाच दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजा, स्वस्त मशीनला ती सगळीकडे सारखी नसते. सगळ्यात अरुंद जागेचं माप धरा. त्या मापाच्या पट्ट्या हायलम शीटमधून काढा, इलेक्ट्रिक पॅनेलला वापरतात तेच. नागपूरच्या मे महिन्यातही त्याचं माप फारसं हलत नाही. कापताना मास्क लावा, भुकटी वाईट असते. आणि खाच वेडीवाकडी निघाली तर दोन रनरच्या मागे लागू नका. पात्याच्या डावीकडे एकच नीट बसवा, दुसरी बाजू टेबलावर नुसती सरकू द्या.